कारणाचा रकाना

"पाणी कोमट घे. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघ. तुला गार लागलं तर त्याला बर्फ लागेल. पडदा कात्रीच्या टोकाने उघडायचा, नखाने नाही. मग बुडवायचं, आणि बुडवतानाच शब्द म्हणायचे. पाणी आधी नि शब्द मागून झाले, तर वर कुणी ते धरत नाही."

तेता आनेझ्काचा हा आवाज मला अजून तसाच्या तसा ऐकू येतो. मी तेरा वर्षांची होते आणि तिच्या स्वयंपाकघरात एका काळ्या द्राक्षावर हे शिकत होते. आमच्यात मावशीला तेता म्हणतात. ही माझ्या आईची थोरली बहीण, आणि बाल्टिमोरच्या पूर्वेकडच्या आमच्या चेक वस्तीची सुईण. मूल नीट जन्मलं तर पाणी घालायला फादर असत. पण जे पाच-सहा आठवड्यांतच सुटून येतं, जे बघायला डोळे बारीक करावे लागतात, त्याच्यासाठी फादरना बोलवायला वेळ कुठला? ते काम सुइणीचं. 'तू जिवंत असशील तर मी तुला बाप्तिस्मा देते', असं म्हणायचं. 'असशील तर' हे विसरायचं नाही. ते ठरवणारे आपण कोण?

"मग लगेच बाहेर काढायचं?" मी विचारलं होतं.

"घाई कसली? त्याला कुठे ट्राम पकडायचीय? आईकडे बघ, तिला आवर, तिच्यासाठी सबंध जपमाळ म्हण. तोवर राहू दे पाण्यात."

मी सुईण झाले नाही. रक्त दिसलं की मला भोवळ यायची, आणि तेता म्हणायची, बाळंतिणीला सांभाळू की तुला? माझे वडील चर्चसाठी मेणबत्त्या ओतायचे, त्यामुळे मेणाला माझा हात बसलेला होता. लग्न केलं नाही, मठातही गेले नाही. घरात राहून नेम पाळणाऱ्या बायकांच्या संघात नाव घातलं : पहाटेची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, दिवसाला बारा वेळा 'हे आमच्या बापा', बुधवार-शुक्रवार मांस नाही. आणि मेणाच्या त्याच हातावर मला टेकडीवरच्या संस्थेत नोकरी मिळाली.

ती संस्था म्हणजे माणूस आईच्या पोटात पहिल्या आठ-दहा आठवड्यांत कसकसा घडत जातो, ते शोधून काढणारी जागा. शहरातले डॉक्टर, इस्पितळं, सुइणी, ज्यांच्या हाती असा अपुरा जीव लागे ते तो औषधाच्या बाटलीत घालून पाठवत. आत त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, एकेक काप काचेवर ठेवून रंगवायचा, भिंगातून शंभरपट मोठा करून कागदावर रेखाटायचा. मग ती रेखाटनं आमच्या मेणखोलीत येत. प्रत्येक रेखाटनाबरहुकूम मी मेणाची एक पाटी कापायची. शंभर काप तर शंभर पाट्या. त्या एकावर एक रचल्या, कडा तापल्या सुरीने जोडल्या, की बार्लीच्या दाण्याएवढा जीव टेबलावर हातभर लांब उभा राही. पाठीचा बाक, हृदयाचं वेटोळं, हात जिथे फुटणार तिथला उंचवटा. पंधरा वर्षं मी हे केलं, आणि दर वेळी शेवटची पाटी बसवताना माझा श्वास आपोआप थांबायचा.

तेव्हा आमच्याकडे नंबर असत, नावं नसत. एक जाड नोंदवही होती. त्यात तारीख, लांबी, आईचं वय, आधीची बाळंतपणं, आणि शेवटी एक रकाना : कारण.

* * *

हेड्विका प्रोखास्का माझ्याकडे आली तो शनिवार होता. दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या मी घासत होते. आमच्या वस्तीत शनिवारी पायऱ्या घासल्या नाहीत तर लोक घरात कुणी आजारी आहे का विचारायला येतात. ही दोन गल्ल्या पलीकडची, सत्तावीस वर्षांची, नवरा कारेल शिंप्यांच्या कारखान्यात कापड बेततो. चार वर्षांत तिची तीन गेली होती. तिसरं एकवीस जानेवारीला, संत आग्नेसच्या सणाला. तारीख मला पक्की ठाऊक, कारण आनेझ्का म्हणजे आग्नेसच, तो तेताचा नामदिन. खसखशीच्या गोड पावांचं, कोलाचेंचं, ताट समोर असताना तिला बोलावणं आलं होतं आणि ती तोंडातला घास तसाच घेऊन धावली होती.

"व्लास्ताबाई, माझं तुमच्याकडेच आहे ना?" हेड्विका खालच्या पायरीशी उभी राहून म्हणाली.

"आमच्याकडे कुणाचं कोणतं ते लिहिलेलं नसतं गं."

"पण तुम्ही बघता."

मी ब्रश चालवत राहिले.

"सासू म्हणते, बुडाला तडा गेलेलं मडकं आहेस, ओतावं तेवढं गळतं. गेल्या रविवारी जावेच्या पोरीचा बाप्तिस्मा होता. मी हात पुढे केले तर तिने बाळ दुसऱ्या कुशीवर घेतलं. हसतच हं. हसून घेतलं." ती पुढे म्हणाली, "तेताने मला विचारलं होतं, संस्थेला देऊ का म्हणून. मी हो म्हटलं. का म्हटलं? कुणीतरी शिकलेला माणूस नीट बघेल म्हणून. बघून गप्पच बसणार असतील, तर मी ते मागच्या अंगणात नसतं का पुरलं? निदान फुलं तरी ठेवली असती."

"हेड्विका, आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. मी सही केलीय त्यावर."

"मग नका सांगू." तिने कोटाची कॉलर वर केली. "मला एवढंच कळायला हवं, माझ्यात वाईट आहे का. असेल तर मी परत त्या वाटेला जाणार नाही. कारेलला सांगून टाकीन, बाबा, तुझ्या नशिबी नाही. आणि नसेल, तर सासूला बोलू दे काय बोलायचं ते."

ती वळून चार पावलं गेली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बघेन. जे दिसेल ते तुला येऊन सांगेन. बरं असो, वाईट असो."

"शप्पथ?"

"शप्पथ घालू नये. सांगते म्हटलं ना."

सही एकीकडे, शब्द दुसरीकडे. त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाला विचारलं नाही कोणतं मोठं. मला ते ठाऊक होतं आणि मी घाबरले होते.

* * *

फेब्रुवारीच्या मध्याला तो नंबर माझ्या टेबलावर आला. तारीख एकवीस जानेवारी, आईचं वय सत्तावीस, आधीची दोन गेलेली. रेखाटनांच्या गठ्ठ्यावर डॉक्टर व्हिटलॉकांच्या नेटक्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'डोक्यात पाणी. त्वचा सुटलेली. जन्मजात दोष. प्रतिकृती वसंतातल्या सभेपूर्वी हवी.'

संस्थेतले डॉक्टर व्हिटलॉक माणूस सभ्य. बायकांना आधी दार उघडून देणारा, कधी आवाज न चढवणारा. त्या सभेत ते निबंध वाचणार होते. पूर्व वस्तीतून आलेले असे तीन जीव त्यांना सापडले होते, तिघांचंही डोकं फुगलेलं. तीन आया, तिघीही आमच्याकडच्या. दोघी चेक, एक पोलिश. नोंदवहीत तिघींपुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. 'आई.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'निकृष्ट वंश'. वॉशिंग्टनात आमच्यासारख्यांना या देशात कमी येऊ द्यायचं असा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. कायदा आधी झाला, पुरावा आता गोळा होत होता.

मी कापायला घेतलं. पाहिलं तसं कापायचं, हा मेणखोलीचा धर्म. डोक्याच्या पाट्या आल्या तेव्हा खरंच, कातडी मेंदूपासून फोडासारखी सुटलेली, मेंदूची भिंत सुरकुतलेली. मनात आलं, हे मी हेड्विकाला कसं सांगू?

पण खालच्या पाट्या कापताना माझी सुरी अडखळली. पाठीच्या दोन्ही बाजूंनी, ज्यांचे पुढे मणके होतात ते खंड मोजले : अठ्ठावीस इकडे, अठ्ठावीस तिकडे. एकही वाकडा नाही. पाठीची नळी वर बंद झालेली, खालीही बंद झालेली, जशी त्या वयाला व्हायला हवी तशीच. हृदय वळलेलं. हातांचे उंचवटे समोरासमोर. ज्याचं डोकं मुळापासून बिघडलं, त्याचं बाकी सगळं इतकं बिनचूक? आणि मग मी बाहेरच्या पिशवीचं रेखाटन पाहिलं. तिला एका बाजूला चीर होती. फाटलेली नव्हे, कापलेली. सरळ, आखूड, टोकाशी किंचित रुंद.

ती चीर मी द्राक्षावर शंभरदा पाडलेली होती.

बाकीच्या दोघांची रेखाटनं काढून पाहिली. दोन्हींवर तीच चीर.

* * *

तेता बटाटे सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही.

"तुमची संस्था बाटलीबरोबर कार्ड देते, त्यावर काय लिहिलंय? धुऊ नये. अल्कोहोलात टाकू नये. बाटलीतल्या औषधात टाकावं. मी धुतलं का? कधीच नाही. बाप्तिस्मा दिला."

"तेता, पाणी ते पाणीच ना."

"अगं बाप्तिस्मा म्हणजे काय कपडे का धुवायचेत? असं कार्डावर लिहायचं होतं, बाप्तिस्मा देऊ नये. मग मी कार्ड चुलीत घातलं असतं आणि एकही बाटली तुमच्याकडे आली नसती. सगळ्यांचंच काम वाचलं असतं."

"किती वेळ ठेवतेस पाण्यात?"

"जपमाळ संपेस्तोवर. कधी आईला जास्त होत असेल तर तासभर." आता तिची सुरी थांबली. "त्यानं फुगलं म्हणतेस?"

"असं वाटतंय."

"आणि तो गोरापान बाबा म्हणतोय आईचा वंश वाईट." ती माझ्याकडे बघत राहिली. सहासष्ट वर्षांची, हनुवटीवर तीन केस, आणि ते तीन केस रागाने हलताना मी पहिल्यांदाच पाहिले. "हेड्विकाचा?"

"तिघींचा. पण हे सांगायचं तर तुझं नाव येणार. नियम मोडला म्हणतील. आरोग्य खात्याला कळवलं तर तुझा परवाना जाईल. म्हणून तुला विचारायला आले."

"विचारायला आलीस की मी नको म्हणावं म्हणून आलीस?"

दुसरं खरं होतं.

"चाळीस वर्षं मी पोरं काढतेय. परवाना आणला तो सोळा वर्षांपूर्वी, तोही शहरानं मागितला म्हणून. पोरं काय परवाना बघून बाहेर येतात? सांग. माझं नाव घालून सांग. पण एक ऐक, व्लास्ता, शब्द मी सोडणार नाही. त्यांच्या काचेसाठी नाही, राष्ट्राध्यक्षांसाठी नाही."

"मीठ चालेल का?" मी विचारलं. "संस्थेत अशा जिवाला धरायचं तर मिठाच्या पाण्यात धरतात, रक्ताइतक्या खारट. त्याने फुगत नाही. पण मग बाप्तिस्मा धरला जाईल का?"

तेता एकदम हसली. "अगं वेडे, मी ब्रेमेनहून आले त्या बोटीत एका स्लोव्हाक बाईचं मूल आलं. गोडं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. बादली समुद्रात सोडली आणि त्याच पाण्याने बाप्तिस्मा दिला. न्यूयॉर्कच्या फादरांनी सांगितलं, समुद्रही देवाचाच. किती चमचे घालू ते सांग."

* * *

पण सांगायचं म्हणजे दाखवायचं. संस्थेत नुसत्या बोलण्याला किंमत नव्हती, आणि ते बरंच होतं.

दर मंगळवारी कत्तलखान्यातून डुकरिणींच्या गर्भपिशव्यांची बादली येई, विद्यार्थ्यांच्या सरावासाठी. त्या वयात डुकराचा जीव आणि माणसाचा जीव शेजारी ठेवले तर नवख्याला ओळखू येत नाहीत. उपासकाळ सुरू झाला होता. ईस्टरपर्यंत मी दिवसातून एकदा, संध्याकाळी जेवायची. म्हणजे दुपारची सुट्टी माझी होती.

मेणखोलीचे मुख्य लॉरेन्ट्स, साठीचे जर्मन गृहस्थ, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. पक्के लुथरन प्रोटेस्टंट, माझ्या उपासांची रोज थट्टा करणारे. त्यांनी मला बादलीशी वाकलेलं पाहिलं.

"काय गं, माणसं संपली म्हणून आता डुकरांना बाप्तिस्मा?"

"शब्द नाही म्हणणार, मास्तर. नुसतं पाणी."

"हं. शब्दांशिवाय कॅथलिक बाई. हा चमत्कार मी पाहून घेतो." आणि खुर्ची ओढून बसले ते तासभर उठले नाहीत.

चार जीव मी थेट औषधात टाकले. चारांना चिरून जपमाळेइतका वेळ कोमट पाण्यात ठेवलं, मग औषधात. चारांना तसंच चिरून तेवढाच वेळ मिठाच्या पाण्यात. मग काप, काचा, रंग. काप काढणाऱ्या बाईंनी मास्तरांच्या शब्दाखातर ते आपल्या कामात मधेमधे उरकले. हे व्हायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत हेड्विका मला मिस्सेत तीनदा दिसली. तिने एकदाही विचारलं नाही. मान हलवून पुढे जायची. विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

काचा तयार झाल्या त्या दिवशी आधी मास्तरांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाण्यातले चारही फुगलेत," ते म्हणाले. "डोकं तसंच. फोड तसाच. मिठातले ठीक, थेटचे ठीक." त्यांनी चष्मा पुसला. "डुकरिणीचा वंशही निकृष्टच म्हणायचा मग."

* * *

तो शुक्रवार होता. ईस्टरला आठवडा राहिला की झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आधीचा. डॉक्टर व्हिटलॉक दुपारी मेणखोलीत आले, प्रतिकृती कुठवर आली ते बघायला. डोकं सोडून सगळी तयार होती. डोक्याच्या पाट्या मी कापून बाजूला रचून ठेवल्या होत्या, जोडल्या नव्हत्या.

"मिस कुबिचेक, सभा बारा दिवसांवर आहे."

"हो डॉक्टर. त्याआधी या काचा बघाव्यात अशी विनंती आहे."

त्यांनी बघितल्या. टाळलं नाही, घाई केली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. मी पाण्याचं सांगितलं, चिरेचं सांगितलं, तेताचं नाव सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान. त्यांना दोनदा पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे त्या सुइणीने सूचना डावलून तीन दुर्मीळ नमुने खराब केले."

"तिला जे लिहून दिलं होतं ते तिने पाळलं. पाण्यात बुडवून ठेवू नये असं लिहिलं नव्हतं."

"धुऊ नये असं लिहिलं होतं."

"आमच्याकडे ते धुणं नसतं, डॉक्टर. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि वाचणारीला हे ठाऊक नव्हतं. त्यात त्या तिघी आयांचा काय संबंध?"

त्यांनी काच खाली ठेवली. "बघा, तुमचा प्रयोग हुशारीचा आहे. पण तो डुकरावर आहे. या तिघांची डोकी आधीच सदोष असतील आणि पाण्याने आणखी फुगली असतील. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही."

"नाही."

"मग?"

"तुम्हीही तसं आहे हे सिद्ध करू शकत नाही. मग 'कळत नाही' असं लिहा. 'आई' का लिहिता?"

ते थोडे हसले, वर्गात लहान मुलीकडे बघून हसावं तसं. "रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, मिस कुबिचेक."

तोवर मी भीतभीतच बोलत होते. ते वाक्य ऐकलं आणि भीती कुठे गेली कळलं नाही. एका बाईने हात पुढे केले की हसतहसत बाळ लांब घेतात, ते या रिकाम्या रकान्यासाठी?

मी सुरी टेबलावर ठेवली. "हे डोकं मी जोडणार नाही."

"काय म्हणालात?"

"प्रतिकृतीखाली 'पाण्याने फुगलेलं' अशी पट्टी लागणार असेल तर आज संध्याकाळपर्यंत जोडून देते. 'जन्मजात दोष' लागणार असेल तर माझ्या हाताने नाही."

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. "लॉरेन्ट्स, तुम्ही पूर्ण करा."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे धरले. आदल्याच दिवशी त्याच हातांनी त्यांनी माशीच्या पंखाइतकी पातळ पाटी उचलली होती. "डॉक्टर, वय झालं. हात कापतात हो."

"कधीपासून?"

"आत्ताच सुरू झालं."

डॉक्टरांचे कान लाल झाले. आवाज मात्र तसाच सभ्य. "मला आरोग्य खात्याला त्या सुइणीबद्दल लिहावं लागेल, हे तुमच्या लक्षात येतंय ना? धार्मिक अंधश्रद्धेपायी नमुने नासवणाऱ्या बाईच्या हाती बाळंतपणं..."

"लिहा," मी म्हटलं. "पत्ता मी देते. तिनेच सांगितलंय, नाव घालून सांग. पण डॉक्टर, आणखी एक गोष्ट विचारात घ्या. तुमच्या कपाटात पूर्व वस्तीतून आलेले एकतीस जीव आहेत. मी मोजलेत, बाकीच्यांचे काप अजून व्हायचेत. एकूण एक तेताच्या किंवा तिने शिकवलेल्या चार सुइणींच्या हातून आलेत. त्या प्रत्येक आईला विचारतात, देऊ का, म्हणून. बाई रडत असते आणि तरी हो म्हणते, कारण कुणीतरी बघेल असं तिला वाटतं. उद्या वस्तीत कळलं की इथे बघत नाहीत, इथे शिक्का मारतात, तर बार्लीचा एक दाणाही टेकडी चढणार नाही."

"ही धमकी आहे?"

"नाही. आमच्या बायका काय करतील ते सांगतेय. मीही त्यांच्यातलीच."

खोलीत मेण तापत ठेवलेलं होतं, त्याचा उकळल्याचा बारीक आवाज येत होता. मास्तर पुढे होऊन आच कमी करून आले.

"आणि तो प्रकार तुम्ही बंद करणार आहात का?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

"पाण्यात मीठ घालणार आहोत. आजपासूनच. तुमच्या काचा चांगल्या येतील. शब्द बंद होणार नाहीत."

त्यांनी कोटाची बटणं लावली. मग, "मी सोमवारी निर्णय कळवीन. दोन्ही बाबतींत. तुमच्याही," असं म्हणून गेले. दार त्यांनी हळूच लावलं.

नोंदवही मेणखोलीतच राहिली होती. मापं जुळवायला सकाळी आणलेली. तिच्यात लिहायचा अधिकार फक्त डॉक्टरांचा. पंधरा वर्षांत मी तिच्यावर बोटाचा मेणकट ठसासुद्धा पडू दिला नव्हता. मी हात पुसले, ते पान काढलं. 'आई' हा शब्द खोडला नाही. लिहिलेलं नासवणं माझ्याच्याने झालं नसतं. त्याच्यापुढे शाईने लिहिलं : 'बाप्तिस्म्याच्या पाण्यात अर्धा तास ते एक तास राहिल्याने फुगलेलं. खंड, हृदय, नळी, हात वयाप्रमाणे बरोबर. आईचा दोष दिसत नाही. जाण्याचं कारण माहीत नाही.' दुसऱ्या दोघींची पानं काढली. रेखाटनांत पाहिलं होतं तेवढंच त्यांच्यापुढे लिहिलं. खाली पूर्ण नाव, तारीख.

मास्तर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "स्पेलिंग चुकलंय एक," म्हणाले.

"कुठे?"

"असू दे. तुझंच अक्षर आहे हे त्यामुळेच कळेल." त्यांनी माझ्या हातून टाक घेतला आणि तिन्ही ठिकाणी माझ्या नावाखाली आपलं नाव घातलं. हात जराही हलला नाही. "सोमवारी दोघांना हाकलतील, पोरी."

"तुम्हाला कशाला यात..."

"चाळीस वर्षं मेण कापतोय. जे दिसलं ते कापलं. आता म्हातारपणी जे दिसलं नाही ते कापू?" त्यांनी टोपी घातली. "जा तू. तुझी ती अर्ध्या तासाची प्रार्थना वगैरे असेल."

"आहे. पण आधी दुसरं काम आहे."

मी एप्रन काढून खुंटीला लावला. साडेचार वाजले होते. या वेळी कारेल कारखान्यात असणार, सासू बाजारात शुक्रवारचा मासा घ्यायला. हेड्विका घरी एकटी भेटेल. जिन्यावर मनात शब्द जुळवून पाहिले. अठ्ठावीस खंड इकडे, अठ्ठावीस तिकडे. हृदय होतं. हात फुटायला लागले होते. तुझ्यात वाईट दिसलं नाही. का गेलं ते आम्हाला माहीत नाही, आणि माहीत आहे असं कुणी सांगितलं तर त्याला दाराबाहेर काढ.

शेवटचं वाक्य माझ्या तोंडी शोभेल का, असं वाटलं. म्हणायचंच ठरवलं.

टेकडीच्या तळाशी ट्राम उभी होती. मी तिच्यात चढले नाही. डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि वस्तीच्या दिशेने चालू लागले.